निकालाआधीचा सल्ला

"येऊन गेली असंल तुझ्याकडं. चहा घेतला असंल, घर बघितलं असंल, आन् आता सांगंल पोरीला नर्सिंगला घाल म्हणून. दरसालचंच हाय ते."

आवाज सिंधूबाईचा होता आणि तो अनिता मॅडमच्या कानापासून हातभरावर होता. मॅडम त्या वेळी शाळेच्या कॉम्प्युटरच्या टेबलाखाली गुडघ्यांवर बसून प्लगची वायर चाचपत होत्या. टेबलाच्या पलीकडच्या बाकावर कोण बसलंय ते त्यांना नुसत्या पायांवरून ओळखायचं होतं. सिंधूबाईचे पाय ओळखायची गरजच नव्हती. शेजारचे दुसरे पाय, टाचांच्या भेगांत रानातली काळी माती अडकलेले, ते अंजनाचे.

"नर्सिंग काय वाईट हाय व्हय?" अंजना हळूच म्हणाली.

"वाईट कोण म्हणतंय? पण तुझ्या करुणाला ब्याण्णव टक्के पडल्यात. माझ्या सूनबाईला चोपन्न पडलं हुतं, तिलाबी मॅडमनी नर्सिंगच सांगितलं हुतं. मग पोरीनं जास्तीचे अडतीस पाडले कशाला? तेवढ्या टायमात निजली असती."

मॅडमना वाटलं, आता अंजना काहीतरी बोलेल. 'मॅडमनी आपल्यासाठी किती केलंय' असं काहीतरी. बौद्धवस्तीतली बाई आपली बाजू घेईल याची त्यांना खात्री होती, आणि खात्री होती हेही त्यांना टेबलाखालीच पहिल्यांदा कळलं. अंजना काही बोलली नाही. तिनं एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायावर घासला, बस्स.

प्लग बसला. कॉम्प्युटर टूं करून चालू झाला. आता वर येण्यावाचून इलाज नव्हता.

"अगं बया," सिंधूबाई म्हणाली, "मॅडम, तुम्ही हितं व्हय? मला वाटलं शिपाई हाय."

"शिपाई रजेवर आहे," मॅडम म्हणाल्या, आणि कपाळाची धूळ पदरानं पुसून खुर्चीत बसल्या.

अनिता मॅडम मूळच्या कासुर्डीच्या. लग्न होऊन मांडवगणला आल्या तेव्हा नुसत्या बी.ए. होत्या. बी.एड. पोरगं कडेवर घेऊन केलं आणि हायस्कुलात मराठी-इतिहास शिकवता शिकवता 'पुढं काय?' या प्रश्नाच्या गावातल्या एकमेव मालकीणबाई होऊन बसल्या. कुणी नेमलं नव्हतं, कुठला कोर्सही केला नव्हता. पेपरातली कात्रणं काढायची, शिरूरला आणि दौंडला कॉलेजांच्या ऑफिसात खेटे घालून माहिती काढायची, आणि दहावीनंतरच्या सगळ्या वाटांचा तक्ता रंगीत स्केचपेनानं कार्डशीटवर काढून वर्गात लावायचा. तो तक्ता बघायला तहसीलदार आले होते एकदा. निदान त्यांचे ड्रायव्हर तरी आत येऊन बघून गेले होते.

पण मॅडमची खरी विद्या तक्त्यात नव्हती, घरभेटीत होती. शहरातले समुपदेशक म्हणे पोरांना गोल काळे करायला लावतात आणि त्यावरून त्यांचा कल काढतात. मॅडम म्हणायच्या, पोर कळायचं तर घर बघावं. एप्रिलात परीक्षा उरकल्या, उन्हं कलली की त्या स्कूटी काढायच्या आणि दहावीच्या एकेका पोराच्या घरी जाऊन टेकायच्या. घरात माणसं किती, कमावतं कोण, म्हाताऱ्याचं औषधपाणी काय, हे सगळं त्या गप्पांतून काढून घ्यायच्या. प्रत्येक घरी चहा. बौद्धवस्तीतही चहा, तिथलंच पाणी, कधी वेळ झाली तर भाकरीसुद्धा. पंचवीस वर्षांपूर्वी फराट्यांसारख्या मराठा घरातल्या सुनेनं ते करणं साधं नव्हतं. सासूनं, साळूबाईनं, दोन दिवस अबोला धरला होता आणि तिसऱ्या दिवशी कपबशी वेगळी काढली होती. मॅडम त्याच कपातून महिनाभर ताठ मानेनं चहा प्यायल्या. त्या चहाचा त्यांना मनातून फार अभिमान होता. इतका, की आपल्या हातून जे काही व्हायला हवं होतं ते त्या चहातच होऊन गेलं, असं त्यांना वाटायचं.

भेटीहून परत आलं की वहीत एक ओळ. पोराचं नाव, पुढं घर, पुढं वाट.

निकाल नंतर लागायचा. सल्ला एप्रिलातच लिहून झालेला असायचा. यात काही उलटं आहे असं इतक्या वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं, कारण मॅडमचा सल्ला नेहमी खरा ठरायचा. ज्याला जी वाट सांगितली तो त्याच वाटेनं गेलेला असायचा. दुसरी वाट त्याला जमली असती का, हे बघायला मागं कोण राहतंय?

करुणाच्या नावापुढं यंदा एप्रिलात त्यांनी लिहिलं होतं: दौंड, बारावी आर्ट्स, मग नर्सिंग. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

सिंधूबाई नातवाचा फॉर्म भरून घेऊन गेली तशी अंजना पुढं सरकली. तिच्यामागं करुणा उभी होती. उंच, किडकिडीत, आणि कुणी आपल्याविषयी बोलत असलं की भिंतीवरच्या घड्याळाकडं बघणारी.

अकरावीचं सगळं आता ऑनलाइन. फॉर्मचा पहिला भाग भरून झाला होता. दुसऱ्या भागात शाखा निवडायची आणि कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं टाकायची. त्यात मेख अशी, की पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून पोर बाहेर. त्यामुळं पहिला रकाना म्हणजे निम्मं लग्न. मुदत उद्या संध्याकाळी सहापर्यंत.

"काय भरायचं मग, अंजनाबाई?"

"तुम्ही म्हणाल ते."

एरवीचा दिवस असता तर मॅडमनी लागलीच भरलं असतं. आज टेबलाखालची धूळ अजून नाकात होती. त्या म्हणाल्या, "करुणालाच विचारू. काय गं?"

"सायन्स," करुणा घड्याळाला म्हणाली. "पुण्याला."

"पुण्याला राहशील कुठं?"

"मुलींचं सरकारी वसतिगृह हाय. त्याचा फॉर्म मी भरलाय. यादी लागायची हाय अजून."

"आणि यादीत नाव नाही आलं तर? बरं, सायन्स घेऊन पुढं काय करायचं ठरवलंयस?"

"अजून न्हाई ठरवलं."

"ठरवल्याशिवाय कसं गं चालेल?"

करुणानं घड्याळावरची नजर काढून मॅडमकडं बघितलं. "ठरवायलाच सायन्स पायजे ना मॅडम. आर्ट्स घेतलं की निम्मं ठरूनच गेलं."

अंजनानं तिच्या दंडाला हलकासा चिमटा काढला. "मोठ्या मानसाशी असं बोलत्यात व्हय? मॅडम, तुम्ही संघर्षला इचारा. ह्यांची कंबर तशी, मला कळतंय काय. तो कमावता हाय, तो म्हणल तसं."

संघर्षचं नाव निघालं की मॅडम हटकून कुठल्या तरी कामाला लागायच्या. त्यांनी कीबोर्ड उलटा करून त्यातला कचरा झटकला.

संघर्ष हा करुणाचा थोरला भाऊ. सात वर्षांपूर्वी याच शाळेतून दहावी झाला. त्या एप्रिलात मॅडम त्याच्या घरी गेल्या होत्या तेव्हा त्याचा बाप, कोंडिबा, खाटेवर आडवा होता. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना पाय सटकला आणि कंबर गेली. अंजना दुसऱ्यांच्या रानात खुरपायला. करुणा तेव्हा तिसरीत, दारात बसून पाटीवर काहीतरी गिरवत होती. मॅडमनी चहा घेतला, डोळे भरून आले, घरी येऊन वहीत लिहिलं: संघर्ष, शिरूर आयटीआय, फिटर, लवकर कमावता व्हावा.

मग निकाल लागला. एकोणनव्वद टक्के, गणितात सत्त्याण्णव. ते सत्त्याण्णव बघून मॅडम क्षणभर थांबल्या होत्या, हे मात्र खरं. पण वहीत ओळ लिहून झालेली होती आणि त्या ओळीत माया होती, दया होती, सगळं होतं. त्या कोंडिबाला म्हणाल्या, दोन-तीन वर्षांत पोरगं हाताशी येईल, रांजणगावच्या कंपन्या काय लांब आहेत का? कोंडिबानं खाटेवरूनच हात जोडले. संघर्षनं एवढंच विचारलं होतं, "मॅडम, आयटीआयला गणित असतं का?"

"असतं की," मॅडम म्हणाल्या होत्या. "वर्कशॉपचं गणित असतं."

त्याच आठवड्यात त्या मारुतरावांकडंही गेल्या होत्या. ते त्यांच्या सासरच्या भावकीतले, बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांचा सत्यजीत एकाहत्तर टक्क्यांवर येऊन सोफ्यात मोबाईल खेळत होता. त्याला काय व्हायचंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याला तर नव्हतंच. मॅडम म्हणाल्या, "सायन्सला टाका, पुढचं पुढं बघू." पुढं त्यानं एक वर्ष घरी बसून काढलं, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत दोनदा आपटला, तीन वर्षांची साधी डिग्री काढली, आणि आता पुण्यात कुठल्याशा कंपनीत बरा आहे. दिवाळीला गाडी घेऊन येतो, मॅडमच्या पाया पडतो.

याबद्दल मॅडमना कधी कुणी काही विचारलं नाही. पण विचारलं तर उत्तर तयार होतं: परिस्थिती. हा त्यांचा फार आवडता शब्द. त्यात काहीही मावायचं.

संघर्षचा फोन लागला तो चारच्या पुढं, पाळी सुटल्यावर. कंपनीत आत जाताना मोबाईल गेटवर ठेवावा लागतो. अंजनाच्या ओट्यावर कोंडिबा, अंजना, करुणा आणि मॅडम, असे चौघं त्या फोनभोवती बसले होते, शेकोटीभोवती बसावं तसे. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. दोन्ही बाजू सांगितल्या. आपल्या मते अगदी सारख्या तोलून सांगितल्या.

"मॅडम म्हणतील तसं भरा की," संघर्ष म्हणाला. "त्यांनी आपलं वाईट कवा केलंय का?"

आवाजात टोमणा नव्हता. मॅडमनी नीट कान देऊन शोधला, सापडला नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं, त्याला उत्तर देता आलं असतं.

"बघा," कोंडिबा म्हणाला, "मी म्हणलो नव्हतो, पोरगं तुमच्या शब्दाभाईर न्हाई."

घरी येऊन मॅडमनी भाकरी थापल्या, दोन करपवल्या. नवरा म्हणाला, "कुठं लक्ष आहे?" त्या म्हणाल्या, "उद्या कारेगावला जाऊन येते, संघर्षच्या खोलीवर." मुदत सहाची, संघर्षची पहिली पाळी साडेतीनला सुटते, फॉर्म काय मोबाईलवरूनही भरता येतो. फोनवर अशा गोष्टी होत नाहीत, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. स्वतःला खरं काय ते ठाऊक होतं. संघर्षनं समोर बसून एकदा 'सायन्स' म्हणावं. थोरल्या भावानं ठरवलं म्हणजे विषय मिटला. मग आपला सल्ला आपल्याच तोंडानं मागं घ्यायची पाळी येणार नाही, आणि जुनं काही उकरावंही लागणार नाही. सल्ला देण्यात उभी हयात गेलेल्या बाईची ही पळवाट होती, आणि ती काढायला एसटीचे दोन टप्पे करावे लागणार होते.

करुणा बरोबर आली. अंजनानं मुलासाठी ठेच्याचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, तो डबा मांडीवर धरून ती खिडकीशी बसली. न्हावऱ्यापाशी गाडी थोडी रिकामी झाली.

"दादा कधी बोलतो का गं, माझ्याविषयी?" मॅडमनी शेवटी विचारलंच.

"बोलतो की. तुम्ही अक्षर चांगलं काढायला लावायचा म्हणतो."

"आणखी?"

करुणानं थोडा विचार केला. "दिवाळीला आला की माझी गणितं सोडवून देतो. म्हंजी मी न सांगता. सकाळी उठून बघावं तर वहीत सगळी उदाहरणं सोडवल्याली. मग मला परत सगळी सोडवायला लागत्यात, दुसऱ्या वहीत. मी त्याला सांगत न्हाई."

मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर उसाशिवाय काही नव्हतं.

कारेगावात रस्त्याच्या दोन्ही अंगाला खोल्यांच्या चाळी. एकेका दाराशी सहा-सहा जोडी सेफ्टी बूट. संघर्षची खोली वरच्या मजल्यावर होती. तो नुकताच येऊन हातपाय धूत होता. मॅडमना बघून तो ओल्या हातानंच वाकून पाया पडला. पोरगा भरला होता अंगानं, कपाळ मात्र तेवीस वर्षांचं वाटत नव्हतं. त्याच्या खोलीतला बिहारचा जोडीदार शेजारच्या कंपनीतला, पाचच्या पाळीच्या तयारीत होता. "मॅडमजी, बैठिए ना," म्हणत त्यानं एकुलत्या एक खुर्चीवरचे कपडे उचलले, आपला डबा घेतला आणि निघून गेला.

संघर्षनं स्टोव्हवर चहा ठेवला. मॅडमची नजर सवयीनं खोलीभर फिरली: तीन गाद्या गुंडाळलेल्या, दोरीवर एकाच रंगाचे तीन शर्ट, कोपऱ्यात पाण्याचे कॅन. संघर्षनं वळून बघितलं आणि त्यांनी नजर पटकन खाली घेतली.

"काम बरं आहे ना रे?"

"चांगलं हाय की मॅडम. चार वर्षांत तिसरा कॉन्ट्रॅक्टर. मशीन एकच. मशीन परमनंट हाय, मी न्हाई." तो हसला. करुणाही हसली, हा विनोद तिनं आधी ऐकलेला असावा. "दरसाली नवी इंजिनिअर पोरं येत्यात ट्रेनिंगला. सुपरवायझर माझ्याकडं देतो त्यांना. सहा महिनं मला दादा दादा करत्यात, सातव्या महिन्यात माझ्या कामावर सही करायला लागत्यात. पोरं चांगली असत्यात पण. एकानं पेढे दिले मला."

मॅडम म्हणाल्या, "तुलाही करता आलं असतं—" आणि वाक्य तिथंच ठेवलं.

"काय मॅडम?"

"नाही, म्हटलं, डिप्लोमा बाहेरून वगैरे."

"भरला हुता एकदा फॉर्म. पाळी बदलली मधेच." त्यानं चहा गाळून कप पुढं केला. "साखर जास्त झाली का बघा."

साखर जास्त झाली होती. मॅडम म्हणाल्या, "छान झालाय."

मग त्यांनी घसा साफ केला आणि मुद्द्याला हात घातला. एका बाजूला दौंड, आर्ट्स, घरून येऊन-जाऊन, पुढं नर्सिंगची पक्की वाट. दुसऱ्या बाजूला पुणे, सायन्स, वसतिगृहाची यादी अजून लागायची. पहिल्या रकान्यात जे जाईल तेच होईल. "आता मोठा भाऊ म्हणून तू सांग," त्या म्हणाल्या. "तुझ्या मनात काय असेल ते. मोकळेपणानं सांग."

"दौंडच टाका," संघर्ष म्हणाला.

करुणाच्या हातात मोबाईल होता, फॉर्म उघडलेला. तिचा अंगठा तसाच थांबला.

"अरे पण तिला ब्याण्णव टक्के आहेत," मॅडम म्हणाल्या.

"असू द्या की. मॅडम, सायन्सला गेली, वसतिगृह न्हाई मिळालं, क्लास न्हाई परवडला, आन् आपटली, तर तिला परत उभी कोण करणार? सत्यजीतला तीनदा उभा केला त्याच्या आप्पांनी. आमच्यात एकदाच उभं राहायला मिळतं. तुम्हीच तर सांगितलं हुतं तवा, परिस्थिती बघून पाऊल टाकावं. मी तेच सांगतोय तिला."

तो खरंच तेच सांगत होता. तोच सूर, शब्दसुद्धा तेच. मॅडमना आपलं वाक्य सात वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं आणि ते किती गुळगुळीत आहे ते कळलं.

"बरोबरच झालं तवा," संघर्ष त्यांची समजूत घातल्यासारखं म्हणाला. "बाबांचं औषध चाललं, हिची शाळा झाली. मला काय वाईट वाटत न्हाई. रविवारी संपत आला हुता, त्यालाबी मी हेच म्हणलो."

"कोण संपत?"

"आमच्याच वर्गातला न्हाई का, वरच्या वस्तीवरचा. दौंडला बँकेत लागला. लग्नाची पत्रिका द्यायला आला हुता. बारावी सायन्स, मग बी.एस्सी., मग परीक्षा देत राहिला, तिसऱ्या वेळी निघाला. चांगलं झालं त्याचं. गणितात माझीच वही बघायचा, आन् आता लोकांचं मोजत बसलाय दिवसभर." संघर्ष पुन्हा हसला आणि डब्याचं झाकण उघडून ठेच्याचा वास घेऊ लागला.

मॅडमना संपत आठवला. टक्के पडले होते चौऱ्याहत्तर. मराठ्याचा, पण बापाकडं गुंठाभर रान नव्हतं. बाप दुसऱ्याच्या मळ्यात सालानं राबायचा, दम्यानं खोकायचा. आई अंजनाच्याच टोळीत खुरपायला जायची, दोघी एकाच फडक्यात भाकरी बांधून न्यायच्या. दोन खोल्या, वर पत्रा. त्याच एप्रिलात, कदाचित त्याच दुपारी, मॅडम त्याच्या घरी बसल्या होत्या आणि त्याच्या आईला म्हणाल्या होत्या, "पोटाला चिमटा घ्या वहिनी, पण पोराला सायन्सला घाला. उद्या नाव काढील." ती बाई नाही नाही म्हणत होती. मॅडमनी दोनदा जाऊन तिचं मन वळवलं होतं.

कोंडिबाकडं सल्ला सांगायला त्या एकदाच गेल्या होत्या. तिथं कुणी नाही म्हटलंच नव्हतं.

ही दोन घरं मॅडमनी आजवर एकमेकांशेजारी ठेवून कधी बघितली नव्हती. वहीतसुद्धा ती वेगवेगळ्या पानांवर होती. वस्तीवार पानं करायची पद्धत त्यांचीच.

खाली कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली. करुणा फॉर्मकडं बघत म्हणाली, "मॅडम, एक विचारू? दादाला आयटीआयच का सांगितलं तुम्ही?"

"करुणा," संघर्ष म्हणाला, "गप."

"विचारलं नुसतं. संपतदादाला सायन्स आन् दादाला—"

"गप म्हणलं ना. मॅडम एवढं दोन एसट्या करून आल्यात तुझ्यासाठी. शिकल्याली पोर हैस, कुणाला काय इचारावं कळत न्हाई?" तो मॅडमकडं वळला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, भीती होती. समोरच्या मोठ्या माणसाची आता अडचण होणार, आणि ती आपल्या घरात, आपल्या चहावर होणार, याची. "लहान हाय ती. तुम्ही मनावर घेऊ नका. दौंड टाक गं, पहिल्या नंबराला. मॅडम म्हणत्यात ते टाक."

त्याला ठाऊक होतं. मॅडमना ते त्याच्या घाईतून कळलं. त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, अंजनालाही, खाटेवरून हात जोडणाऱ्या कोंडिबालाही. बाकावर बसलेली अंजना गप्प राहिली होती ती त्याचसाठी. सात वर्षं हे घर ती गोष्ट मॅडमपासून झाकून ठेवत होतं, पाहुण्याला आपल्या घरात लाज वाटू नये म्हणून झाकावी तशी. आणि हे झाकण आता करुणाच्या फॉर्मवरही येऊन बसत होतं.

करुणानं मान खाली घातली. तिचा अंगठा यादी सरकवू लागला. दौंड वर येत होतं.

तोंडात शब्द तयार होता. परिस्थिती. नुसता उच्चारायचा होता. सगळ्यांची सुटका झाली असती, संघर्षची सगळ्यात जास्त. तो त्यासाठी त्यांच्याकडं जवळजवळ विनवणीनं बघत होता.

मॅडमनी कप खाली ठेवला.

"थांब, करुणा. माझं ऐकून काही टाकू नकोस."

"मॅडम, असं कसं," संघर्ष म्हणाला. "तुमचं न्हाई ऐकायचं तर कुणाचं?"

"कुणाचंही ऐका, माझं नका ऐकू. तिला जे पाहिजे ते ती पहिल्या नंबराला टाकेल." त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा निघाला आणि मग एकदम खाली आला. "परिस्थिती बघून सांगितलं, परिस्थिती बघून सांगितलं, असं मी सात वर्षं घोकतेय. परिस्थिती संपतचीही तीच होती रे. त्याच्या आईशी मी दोनदा जाऊन भांडले, सायन्सला घाल म्हणून. तुझ्या गणिताचे मार्क हातात धरून तुला मी आयटीआय सांगितलं, ते तू बौद्धवस्तीतला होतास म्हणून."